चिपमागचं सरकार

मोबाइलच्या पोटातली चिप अनेकदा तैवानमध्ये घडलेली असते. हे नुसत्या बाजाराच्या जोरावर झालं नाही. १९७३मध्ये तिथल्या सरकारने ‘इट्री’ ही औद्योगिक संशोधन संस्था काढली. १९७६मध्ये अमेरिकेच्या ‘आरसीए’ कंपनीशी तंत्रज्ञानाचा करार झाला आणि तरुण अभियंते शिकायला तिकडे गेले. मला तर हीच सगळ्यात मोलाची गुंतवणूक वाटते. पुढे १९८७मध्ये ‘टीएसएमसी’ ही चिप घडवणारी कंपनी उभी राहिली, तेव्हा खासगी धनिक कचरत होते. जवळपास निम्मं भांडवल सरकारने घातलं. कंपनीचे संस्थापक मॉरिस चँग यांची कल्पनाही धाडसी होती. स्वतःच्या नावाची चिप विकायचीच नाही, इतरांच्या आराखड्याबरहुकूम फक्त घडवून द्यायची. त्यामुळे स्वतःचा कारखाना नसलेल्यांनाही चिप बाजारात आणता येऊ लागली.