कर्ण्याच्या पोटातले गुलाब

जुन्या फोनोग्राफच्या लिलावात एक गंमत हमखास दिसते. पेटी, चावी, स्प्रिंगची मोटर सगळे जागच्या जागी असते. कर्णा मात्र दुसऱ्याच यंत्राचा, किंवा मुळी नसतोच. आणि एखादा कर्णा एकटाच विक्रीला आला, त्याच्या आतल्या बाजूला हाताने रंगवलेले गुलाब शाबूत असले, तर बोली यंत्रावर लागते त्याहून जोरात लागू शकते.

याचे मूळ त्या काळच्या दुकानदारीत आहे. एडिसनच्या कंपनीचे 1898 मधले ‘स्टँडर्ड’ मॉडेल येई ते 14 इंच लांबीच्या छोट्या कर्ण्यासह. मेणाच्या नळीवरचा आवाज त्यातून दिवाणखानाभर पोहोचेना, की गिऱ्हाईक मोठा कर्णा वेगळा विकत घेई. हा वाढीव धंदा करणारे कारखाने निराळेच होते. फिलाडेल्फियाची ‘हॉथॉर्न अँड शेबल’ त्यातली नावाजलेली. न्यूअर्कच्या एका कंपनीचे तर नावच ‘टी ट्रे कंपनी’. पत्र्याच्या तबकांवर काळे रोगण भट्टीत पक्के करायचे आणि त्यावर फुले रंगवायची, ही कारागिरी तिथे कर्ण्यांच्या कामी आली. फुले बहुधा आतल्या बाजूला, कारण ऐकणाऱ्याच्या तोंडासमोर कर्ण्याचे पोट येते, पाठ नव्हे.

संग्राहकांच्या बोलीत या आकाराला ‘मॉर्निंग ग्लोरी’ म्हणतात. आपल्या कुंपणावरच्या गारवेलीच्या फुलासारखा तोंडाशी उमलणारा. हा फुलाचा आकार चित्रकाराआधी पत्रेकामगाराला सुचला असावा, असे मला वाटते. सपाट पत्रा गुंडाळून सरळ शंकू सहज होतो. पण लांबीच्या दिशेने आणि घेराच्या दिशेने, दोन्हीकडून वळलेला पृष्ठभाग पत्र्याला ताणल्या-ठोकल्याशिवाय होत नाही. मग सहा किंवा आठ कळ्या जोडून परकराला घेर द्यावा तसे निमुळते पट्टे कापायचे आणि त्यांच्या कडा एकमेकींत दुमडून सांधायच्या. दोन सांध्यांमधला भाग आपोआप पाकळीसारखा दिसतो, शिवाय सांध्यांमुळे पातळ पत्र्याला ताठपणा येतो. इतके झाल्यावर त्यात लाल-निळा रंग आणि गुलाब भरायचा मोह कुणाला आवरेल?

पण हे तोंड फाकवायचे तरी कशाला? कर्णा आवाजात स्वतःची ऊर्जा घालत नाही. सुई किंवा हिऱ्या-नीलमण्याचे टोक खाचेतून सरकते आणि अभ्रकाची इवलीशी चकती थरथरते. ही चकती मोकळ्या हवेत ठेवली तर तिच्या भोवतीची हवा बाजूला सरकून मोकळी होते आणि आवाज जवळजवळ वाया जातो. कर्ण्याच्या चिंचोळ्या गळ्यात हवेला पळायला जागा नसते. चकतीला तिच्यावर जोर लावावाच लागतो आणि तो दाब हळूहळू रुंदावत मोठ्या तोंडापाशी खोलीतल्या हवेला मिळतो. विजेचा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, तसा कर्णा दाब आणि हालचाल यांचे प्रमाण बदलतो.

यात ‘हळूहळू’ महत्त्वाचे. तोंडाचा घेर ज्या तरंगलांबीएवढा, साधारण तिथपर्यंतचे खर्जाचे स्वर नीट बाहेर पडतात. 24 इंच व्यासाच्या तोंडाचा घेर सुमारे 1.9 मीटर, म्हणजे मर्यादा 180 हर्ट्झच्या आसपास. तोंड नुसते मोठे करूनही भागत नाही. 100 हर्ट्झपर्यंत उतरायचे तर आतले क्षेत्रफळ साधारण दर 19 सेंटिमीटरला दुप्पट व्हावे, त्याहून घाईने नको. एक सेंटिमीटरच्या गळ्यापासून 24 इंची तोंडापर्यंत या चालीने जायचे तर कर्णा दोन मीटरच्या वर जाईल. हे गणित फुलांचे कर्णे घडवणाऱ्यांच्या हाती नव्हते. आर्थर गॉर्डन वेबस्टर यांचा कर्ण्यांवरचा निबंध छापून आला 1919 मध्ये, आणि त्याचे फळ म्हणावे असा घड्या घातलेला लांब कर्णा 1925 च्या ‘ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला’च्या कपाटात दडला. गुलाबांचे कर्णे कानाने आणि डोळ्याने घडले. तोंडाशी ते फार घाईने उमलतात. त्यांच्या आवाजाला अंग कमी असते, ते यामुळेही.

तोवर त्यांचा जमाना संपलाही होता. 1906 मध्ये व्हिक्टर कंपनीने कर्णा पेटीच्या आत घातला, 1909 मध्ये एडिसनच्या ‘अँबेरोला’नेही तेच केले. उघडा कर्णा अडगळ ठरला. पेटी माळ्यावर मावते; दोन फुटी पत्र्याचे फूल मावत नाही, पोचते, गंजते आणि भंगारात जाते. ‘म्युझिक मास्टर’चे पातळ लाकडी कर्णे वजनदार दिसत असल्यामुळे थोडे जास्त जपले गेले असावेत.

दुर्मिळ वस्तूला जोडीदार भेटतोच, तसे नकली कर्णेही आले आणि त्यांचा एक मोठा झरा आपल्याकडचाच आहे. मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, लखलखीत पितळी कर्ण्याचे ‘एचएमव्ही’ ग्रामोफोन पाहिले नाहीत असा माणूस विरळा. पुष्कळदा आत जुन्या पोर्टेबल यंत्राची मोटर, बाहेर नवी पेटी आणि वर नव्याने घडवलेला कर्णा. परदेशी संग्राहक त्यांना कुत्सितपणे ‘क्रॅपोफोन’ म्हणतात. शोभेची वस्तू म्हणून माझी तक्रार नाही. प्राचीन म्हणून विकली की आहे. नकली कर्णे ओळखायला लोहचुंबकही कामी येतो: एडिसनच्या जुन्या काळ्या-पिवळ्या कर्ण्यात अंग पोलादी आणि तोंड पितळी असल्याने चुंबक मागे चिकटतो, पुढे नाही.

रंगवलेल्या कर्ण्यात फसवणूक अधिक बारीक असते. पत्रा खरा, फुले कालची. इथे रसायनशास्त्र साक्ष देते. 1906 च्या रंगाऱ्याकडे पांढरा रंग शिशाचा किंवा जस्ताचा असे. टायटॅनियमचा पांढरा बाजारात आला पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. अतिनील दिव्याखाली जस्ताचा पांढरा हिरवट-पिवळा चमकतो, टायटॅनियमचा काळपट राहतो. त्याहून खात्री हवी तर क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणारे उपकरण रंग न खरवडता टायटॅनियम दाखवून देते. मूळ म्हणून विकलेल्या गुलाबाच्या पांढऱ्या कडेत टायटॅनियम सापडला, तर निदान तेवढा कुंचला तरी नंतर फिरलेला आहे.

म्हणूनच जाणते संग्राहक टवके उडालेला, भेगाळलेला मूळ रंग नव्या झिलईहून वरचढ मानतात. असा कर्णा घरी आला तर सॅंडपेपर लावू नये. मूळ रंग तर जातोच, शिवाय त्या धुळीत शिसे असते आणि घरात लहान मूल असेल तर ते सर्वांत धोक्याचे. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढावी. गंज पसरत असेल तर रंगवलेल्या धातूचे काम करणाऱ्या संवर्धकाकडे न्यावा, आणि तिथेही आधी विचारावे की नवी फुले काढणार नाही ना.