एका हाडावर उभा असलेला डायनोसॉर

डायनोसॉर म्हटले की १९९३ सालच्या 'जुरासिक पार्क' सिनेमातला तो अजस्र जबडा डोळ्यांसमोर येतो. चौथीतल्या मुलाला विचारा, टायरानोसॉरसचे नाव तो न अडखळता सांगेल. पण आपल्या वैनगंगेचे पाणी ज्या खोऱ्यातून समुद्राकडे जाते, तिथेही एक मोठा मांसाहारी डायनोसॉर होऊन गेला आणि त्याच्या नावात आपले दंडकारण्य आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? दंडकोसॉरस इंडिकस हे त्याचे नाव. श्रोतेहो, आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे.

आधी काळाचा हिशेब समजून घेऊ. सिनेमाच्या नावात जुरासिक असले तरी टायरानोसॉरस जुरासिक काळातला नव्हे. तो पुढच्या क्रिटेशस काळाच्या अगदी अखेरीचा, म्हणजे साधारण पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचा. दंडकोसॉरस खरोखरच जुरासिक काळातला, सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे त्या दोघांमध्ये अकरा कोटी वर्षांचे अंतर. काळाच्या मोजपट्टीवर टायरानोसॉरस आपल्याला जितका जवळ आहे, तितका तो दंडकोसॉरसला नव्हता. 'डायनोसॉरांचा काळ' असे आपण सहज म्हणतो, पण त्या दोन शब्दांत केवढा पसारा मावला आहे, ते यावरून कळेल.

आता कुणी विचारील, आपल्या भंडारा जिल्ह्यात डायनोसॉर सापडेल का? तुमसरकडच्या चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत आपण कितीही खोल गेलो तरी तो मिळायचा नाही. ते खडक प्राण्यांना हाडे येण्याच्या फार आधीचे आहेत. शिवाय पोटातल्या उष्णतेने आणि दाबाने त्यांचे रूपही पालटले आहे. हाड टिकायचे तर मेलेला प्राणी लवकर गाळाखाली जायला हवा. नदीचा किंवा तळ्याचा गाळ थरावर थर साचत जातो, जमीन हळूहळू खचत राहते आणि लाखो वर्षांत गाळाचा खडक होतो. हाडातही खनिजे झिरपून त्याचा दगड होतो. अशी जागा आपल्या खालच्या अंगाला आहे.

वैनगंगा भंडाऱ्यावरून, पवनीवरून पुढे जाते, वर्धा नदीला मिळते आणि प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. या प्राणहिता-गोदावरी खोऱ्याची जमीन कोट्यवधी वर्षे खचत होती आणि नद्या ती गाळाने भरत होत्या. गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. तिथल्या चुनखडीत मिळालेल्या माशाच्या जीवाश्माचे वर्णन १८५१ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्या काळच्या खडकांना 'कोटा थर' हेच नाव पडले. आज जगातले भूवैज्ञानिक आपल्या या लहानशा गावाचे नाव घेतात.

कोटा थरांनी बरेच काही दिले आहे. १९६०च्या आसपास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना नदीपलीकडे, आताच्या तेलंगणात, एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडे मिळाली. एका मांडीच्या हाडाचीच लांबी सुमारे १.७ मीटर, म्हणजे पुऱ्या वाढलेल्या माणसाएवढी! बंगालीत 'बडा पा' म्हणजे मोठा पाय, म्हणून त्याचे नाव बारापासॉरस ठेवले. १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांचे जन्मशताब्दी वर्ष, म्हणून १९७५ साली रीतसर नामकरण झाले तेव्हा पुढे 'टागोराय' जोडले. त्याचा सांगाडा आज कोलकात्याच्या त्या संस्थेत उभा आहे.

जिथे एवढे शाकाहारी प्राणी, तिथे त्यांना खाणारा कुणीतरी असणारच. १९८२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पी. यादगिरी यांनी कोटा थरांतल्या एका मोठ्या मांसाहारी डायनोसॉरचे वर्णन केले आणि त्याला दंडकोसॉरस इंडिकस नाव दिले. त्यांच्यासमोर कवटी नव्हती, दात नव्हते, नख्याही नव्हत्या. होता तो जघनास्थीचा, म्हणजे कंबरेच्या पुढच्या हाडाचा, एक तुकडा.

एवढ्याशा तुकड्यावरून प्राणी कसा ओळखायचा? डायनोसॉरांचे घराणे कंबरेवरून फार चांगले कळते. एका मोठ्या शाकाहारी गटात हे हाड मागे वळलेले असते. बारापासॉरससारख्या लांब मानेच्या प्राण्यांत ते पुढे रोखलेले, पण रुंद आणि जाड असते, कारण त्याला अवजड पोटाचा भार पेलायचा असतो. दोन पायांवर धावणाऱ्या शिकाऱ्यांत ते पुढेच रोखलेले, पण लांब आणि सडपातळ असते. आकाराचा अंदाज दुसऱ्या, पुऱ्या सापडलेल्या नातलगाच्या हाडाशी ताडून बांधतात. एखाद्या पुस्तकात दंडकोसॉरसची लांबी मीटरमध्ये दिलेली दिसली, तर तो असा अंदाज आहे, टेप लावून घेतलेले माप नव्हे, हे लक्षात ठेवावे.

इथेच खरी अडचण सुरू होते. हा प्राणी शिकारी होता आणि मोठा होता, एवढे ते हाड सांगते. पण तो इतर साऱ्या शिकाऱ्यांहून वेगळा, स्वतंत्र जातीचा होता, हे ठामपणे सांगण्याइतकी खूण त्या तुकड्यात नाही. म्हणून शास्त्रज्ञ हे नाव शंकास्पद मानतात. आम्हा गझल लिहिणाऱ्यांना ही गोष्ट चटकन समजते. जुन्या वहीच्या फाटक्या पानावर एकच मिसरा मिळाला तर वृत्त ओळखता येते, कवी मुरलेला आहे की नवशिका तेही कळते. पण गझल कुणाची, हे कवीचे नाव गुंफलेला शेवटचा शेर, म्हणजे मक्ता, हाती आल्याशिवाय सांगता येत नाही. दंडकोसॉरसचा मक्ता अजून जमिनीत आहे.

मग बाकीची हाडे का मिळाली नाहीत? याचे उत्तर आपल्या कोका-नागझिऱ्याच्या जंगलात मिळेल. तिथे चितळांचे कळप दिसतात. वाघ दिसला तर नशीब! शिकारी नेहमी थोडे असतात, म्हणून त्यांची हाडेही थोडी. यादगिरींनीच १९८८ साली त्याच थरांतल्या कोटासॉरस या शाकाहारी डायनोसॉरला नाव दिले, तेव्हा त्यांच्याजवळ अनेक प्राण्यांची हाडे होती. हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात त्याचा सांगाडा उभा आहे. शिकाऱ्याच्या वाट्याला मात्र एक तुकडा आला. कोटा थरांतून मांसाहारी डायनोसॉरांचे बारीक दातही मिळाले असून २०२० साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. पण दात आणि कंबरेचे हाड यांची तुलना कशी करणार? दोन्ही एकाच सांगाड्यात मिळाली, तरच नाते जुळेल.

हा तुकडा मोलाचा का, तेही सांगतो. जुरासिक काळाच्या पूर्वार्धातले मोठे शिकारी साऱ्या जगातच कमी मिळाले आहेत. अमेरिकेतला डायलोफोसॉरस त्यांपैकी एक. दुसरा क्रायोलोफोसॉरस, तो १९९१ साली अंटार्क्टिकाच्या बर्फाळ डोंगरात मिळाला. त्या काळी भारत, अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया हे सारे एकाच भूखंडात जोडलेले होते. त्या भूखंडाला जग गोंडवाना म्हणते आणि ते नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडले आहे. शिकारी तिथे कसे पसरले, कुणाचे कुणाशी नाते होते, या प्रश्नात भारताची जागा जवळजवळ रिकामी आहे. तिथे आज हे एक तुटके हाड आहे.

आणि हाडे हरवतातही. १८२८ साली कर्नल स्लीमन यांना जबलपूरला डायनोसॉरची हाडे मिळाली होती. ठगांचा बंदोबस्त करणारे तेच हे स्लीमन. भारतात मिळालेली ती पहिली डायनोसॉर-हाडे. त्यांतला एक मणका पुढे अनेक दशके बेपत्ता होता. तो २०१२ साली कोलकात्याच्या संग्रहातच धनंजय मोहबे आणि सुभासिस सेन यांना पुन्हा मिळाला. कपाटात ठेवलेल्या हाडाची ही गत, तर उघड्या माळावरच्या हाडाचे काय?

सिरोंचा भागात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके उघड्यावर मिळतात. वडधम येथे त्यांच्यासाठी जीवाश्म उद्यान केले आहे. पण थर काही उद्यानाच्या कुंपणात मावत नाहीत. ते शेतात, नाल्यात, रस्त्याच्या खोदकामातही असतात. म्हणून त्या बाजूला राहणाऱ्यांना आणि आपले सोयरे तिकडे असणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. आतून हाडासारखा जाळीदार दिसणारा, नेहमीपेक्षा वेगळा दगड मिळाला तर तो उचलून घरी नेऊ नका, फोडूनही पाहू नका. थरातून काढलेल्या हाडाचे वय आणि सोबत दोन्ही हरवतात. जागेची खूण ठेवा, फोटो काढा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. त्यांचे मोठे कार्यालय नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे.

यादगिरींनी एका तुकड्याला नाव दिले आणि जगाच्या यादीत दंडकारण्य नोंदवले. ते नाव पक्के व्हायचे की पुसले जायचे, हे आता दुसऱ्या हाडावर अवलंबून आहे. ते हाड बहुधा एखाद्या शास्त्रज्ञाच्या आधी गुराख्याच्या किंवा नांगर धरणाऱ्याच्या नजरेस पडेल. त्या क्षणी हा साधा दगड नाही एवढे त्याला कळले, तरी पुरे आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)