येण्याजाण्याची एकच वाट

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानांची हवेतच टक्कर झाली. ३४९ जण गेले. वाचलं कुणीच नाही. दिल्लीहून निघालेल्या सौदी बोइंग ७४७ ला १४ हजार फुटांची परवानगी होती, उतरत्या कझाक इल्युशिनला १५ हजारांची. इल्युशिन त्याखाली आलं. कंट्रोलरला ते दिसणं शक्यच नव्हतं, कारण दिल्लीचं तेव्हाचं रडार उंची दाखवत नसे. त्यात बरंचसं आकाश हवाई दलाकडे राखीव, म्हणून येणारी-जाणारी विमानं एकाच मार्गिकेतून जात. दोष कझाक वैमानिकांवर आला, तो खराच. पण एवढ्या तोकड्या व्यवस्थेत एक चूकही पुरेशी होती.

पुढे मार्गिका वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारं रडार आलं आणि विमानांत टक्कर टाळणारी ‘टीकॅस’ यंत्रणा सक्तीची झाली. ती जवळच्या विमानाच्या ट्रान्सपाँडरकडून उंची मिळवते आणि धोका दिसताच एका वैमानिकाला ‘वर जा’, दुसऱ्याला ‘खाली जा’ सांगते. २००२ मध्ये जर्मनीतल्या युबरलिंगनजवळ एका विमानाने टीकॅसऐवजी कंट्रोलरचं ऐकलं. ७१ बळी गेले. आता कंट्रोलर काहीही सांगो, वैमानिकाने टीकॅसचाच आदेश पाळायचा असतो.