जिना कुणाचा?

‘‘वहिनी, साहेबांना सांगा, रविवारी मीटिंग आहे. आगीची नोटीस आलीय.’’

खालच्या कापड दुकानवाल्या भाऊंनी जिन्यातच गाठलं. माझ्या एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात नातवाचं दप्तर. आणि मी अंग चोरून, तिरकी होऊन वर चढत होते. कारण पहिल्या वळणापर्यंत अर्धा जिना भाऊंच्याच लग्नसराईच्या गठ्ठ्यांनी भरलेला!

‘‘साहेबांना कशाला? मीच येते की,’’ मी म्हटलं. भाऊ हसले. आमच्या इमारतीच्या मीटिंगला बाया जात नाहीत. चहा तेवढा वरून खाली जातो.

आमचं कंधार तसं लहान गाव. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा किल्ला, जगत्तुंग तलाव, दर्गा आणि मधोमध बाजारपेठ. या पेठेत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जुने वाडे पडले आणि तिथं खाली दुकानं, वर घरं अशा इमारती उभ्या राहिल्या. आमचीही त्यातलीच. खाली सहा दुकानं, वर तीन मजले, मजल्यावर चार घरं. जिना एकच. त्याच्याखाली सगळ्यांचे मीटर. दुकानांची मागची दारं जिन्यातच उघडतात. बाल्कनीला जाळ्या, जाळ्यांना कुलपं. गच्चीलाही कुलूप, कारण पोरं पतंग उडवायला जातात. इतकी वर्षं यात काही चुकतंय असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

वाटायला लागलं ते ३ एप्रिल २०२४ नंतर. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात पहाटे टेलरिंगच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातली सात माणसं गेली. त्यात लहान लेकरंही होती. बातमी वाचताना एका वाक्यावर माझं बोट थांबलं. ज्वाळा त्यांच्या मजल्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. माणसं धुरानं गुदमरून गेली.

त्यानंतर १८ मे २०२५ चा रविवार उजाडला. हैदराबादेत चारमिनारजवळच्या गुलजार हौज भागात खाली दागिन्यांची दुकानं आणि वर घर असलेल्या इमारतीत आग लागून १७ जण दगावले. आत जायला अरुंद बोळ आणि वर जायला एकच चिंचोळा जिना. त्याच दिवशी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जण गेले. मालकाचं कुटुंब तिथंच राहत होतं. हैदराबाद आम्हा मराठवाड्याच्या लोकांना परकं नाही. दवाखाना असो, नाहीतर लग्नाचा बस्ता, आम्ही अजूनही तिकडंच धावतो. त्या रात्री मी उठून जिन्यात जाऊन उभी राहिले. खाली गठ्ठे, वर कुलूप. आमच्याकडं काय वेगळं होतं?

तर त्या रविवारी मी मीटिंगला गेले. एकटी नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या भाभी आणि शेजारच्या आक्कांना घेऊन. आम्हाला पाहून दोन खुर्च्या जास्तीच्या मागवाव्या लागल्या!

नोटीस ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ खालची होती. सोप्या भाषेत सांगायचं तर आगीपासून बचावाची साधनं बसवणं आणि ती चालू स्थितीत ठेवणं ही इमारतीच्या मालकाची किंवा तिथं राहणाऱ्या-वापरणाऱ्याची जबाबदारी. सरकारी परवाना असलेल्या संस्थेकडून ती तपासून घ्यायची आणि दर जानेवारी आणि जुलैत तसं प्रमाणपत्र द्यायचं. इमारत धोक्याची ठरली तर वीज-पाणी तोडण्यापर्यंत आणि सील ठोकण्यापर्यंत अधिकार कायद्यात आहेत.

नांदेडहून आलेल्या इंजिनिअरनं अंदाजपत्रक दिलं होतं तीन लाख साठ हजारांचं. आकडा ऐकला आणि जी तोंडं सुटली म्हणता!

‘‘आम्ही जिना वापरतच नाही. गच्चीवरची टाकी तुमची, पंप तुमचा. आम्ही कशाला द्यायचं?’’ दुकानदार.

‘‘आग लागणार तुमच्या कापडाला आणि मरणार आमची लेकरं. सगळे पैसे तुम्हीच द्या!’’ वरचे.

‘‘अठरा वाटण्या करा, वीस-वीस हजार काढा आणि मोकळे व्हा,’’ कुणीतरी म्हणालं. त्यावर वन-रूम किचनवाली आक्का उसळली, ‘‘माझी एवढीशी खोली अन् दोन शटरवाल्याएवढं मी देऊ?’’ चहा आला, गार झाला. मीटिंग उधळली.

मला राहवेना. घरी येऊन कपाटातली खरेदीखताची पिशवी काढली. सुनेला म्हटलं, ‘‘बघ गं, यात कुठं लिहिलंय का, जिना कुणाचा ते?’’ तिनं तासभर वाचलं आणि इमारतीचं घोषणापत्र काढून माझ्यापुढं धरलं. आमची सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे. म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेली. अशा इमारतीचं घोषणापत्र असतं आणि त्यात प्रत्येक गाळ्याचा, प्रत्येक घराचा सामाईक जागेतला हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. सामाईक खर्चही त्याच टक्क्यांनी वाटायचा. आमच्या कागदात सहा दुकानांचा मिळून हिस्सा चाळीस टक्के होता आणि बारा घरांचा साठ. जिना, मीटरची जागा, गच्ची... सगळं सामाईक!

म्हणजे भांडणाचं उत्तर वीस वर्षं आमच्याच कपाटात, साड्यांच्या खाली पडून होतं. मैत्रिणींनो, घराच्या कागदावर नाव आपलं असतं, कधी नवऱ्याच्या जोडीनं असतं. पण तो कागद आपण उघडून वाचतो का? मी तरी वाचला नव्हता.

पुढच्या मीटिंगला मी कागदाच्या झेरॉक्स नेल्या. हिशेब मांडला. दुकानांकडं एक लाख चव्वेचाळीस हजार, घरांकडं दोन लाख सोळा हजार. कुणाचं जास्त, कुणाचं कमी, ज्याच्या त्याच्या टक्क्यानं. दुकानदार कुरकुरले. तेव्हा इंजिनिअरनं दोन गोष्टी सांगितल्या. एकाच इमारतीत दुकानं आणि घरं असली आणि त्यांच्यामध्ये आग अडवणारी पक्की भिंत नसली, तर ज्या वापराचे नियम जास्त कडक, ते सगळ्या इमारतीला लागतात. म्हणजे घरांचा खर्च दुकानांमुळंही वाढतो. आणि मीटर सगळ्यांचे एकाच जागी. तिथं ठिणगी पडली तर वरचा-खालचा असा भेद ती करणार नाही. भाऊ बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘माझा सगळा माल उधारीवरचा आहे वहिनी. जळाला तर मी रस्त्यावर येतो.’’ त्यांनाही भीती होतीच की. फक्त ती कुणी बोलत नव्हतं.

मग कामं सुरू झाली. खरं सांगू? सगळ्यात महत्त्वाच्या कामांना पैसेच लागले नाहीत. जिना मोकळा केला. गच्चीचं कुलूप काढून आतून कडी लावली. जिन्याच्या खिडक्यांना लावलेले पत्रे काढले, म्हणजे धूर बाहेर जाईल. इंजिनिअर म्हणाला, बंद जिना म्हणजे धुराचं धुराडंच. खालचा धूर मिनिटांत वर चढतो.

खर्चाची कामं अशी होती. दुकानांची जिन्यातली दारं विटांनी बुजवली. मीटरची जागा वेगळी करून वायरिंग नवीन केलं. प्रत्येक घरात आणि दुकानात गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवला. गच्चीच्या टाकीवरून पंप आणि मजल्यामजल्यावर पाण्याच्या नळीचं रीळ आलं. शिवाय प्रत्येक मजल्यावर पावडरचं लाल सिलिंडर.

ते सिलिंडर भिंतीवर चढलं तशी आक्का म्हणाली, ‘‘आता ह्याला हळद-कुंकू वाहायचं का?’’ कारण वापरायचं कसं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग एका दुपारी आम्ही सगळ्या बाया गच्चीवर जमलो आणि शिकलो. पिन ओढायची. नळीचं तोंड ज्वाळेकडं नाही, आगीच्या बुडाकडं धरायचं. दांडा दाबायचा आणि झाडू मारल्यासारखं डावीकडून उजवीकडं फिरवायचं. ‘झाडू मारल्यासारखं’ म्हटल्यावर सगळ्यांना झटकन जमलं! दुपार मुद्दामच निवडली होती. कारण आग घड्याळ बघून येत नाही आणि दुपारी इमारतीत असतो आपणच. बाया, लेकरं आणि म्हातारी माणसं.

त्या दिवशी धूर झाला असं समजून सगळ्यांनी खाली यायचं ठरवलं. आणि आमची फजिती झाली. माझ्या घरच्या जाळीची चावी उंच खिळ्यावर. माझा हात पुरेना, स्टूल सापडेना. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे गेलेले, त्यांना कोण आणणार हे कुणी ठरवलंच नव्हतं. भाभींनी आधी कपाट उघडून दागिने घेतले! आम्ही हसलो खूप, पण रात्री झोप लागली नाही. आता चावी जाळीशेजारी, हाताला येईल अशी असते. आजींसाठी दोन नावं ठरलीत. आणि दागिने... त्यांना आहेत तिथंच राहू द्यायचं.

आणखी एक शिकलो. जिन्यात धूर असेल तर त्यात शिरायचं नाही. दार लावून घ्यायचं, फटीत ओला टॉवेल कोंबायचा आणि रस्त्याकडच्या बाल्कनीत येऊन हाक द्यायची. घरात धूर असेल तर खाली वाकून, रांगत जायचं, कारण चांगली हवा जमिनीलगत असते. बाथरूममध्ये जाऊन कडी लावायची नाही. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आगीत १४ जण गेले. त्यातले बरेच जण स्वच्छतागृहात आसऱ्याला गेले होते आणि तिथंच गुदमरले. आणि फोन १०१ किंवा ११२ ला करायचा. आम्ही मात्र गावातल्या अग्निशमन गाडीचा थेट नंबरही प्रत्येक दारामागं चिकटवलाय. मदतीला नांदेडहून गाडी यायची तर पन्नासेक किलोमीटर. तोवर आपलं आपणच!

सगळं झालं असं मात्र नाही. मागच्या बाजूनं लोखंडी जिना काढायचा ठरला होता. तिथं एका दुकानाचं पत्र्याचं शेड आहे आणि ते निघता निघत नाही. मी दर मीटिंगला विचारते. ‘‘वहिनी, तुम्ही काही सोडायलाव का आम्हाला?’’ असं भाऊ म्हणतात. नाही सोडणार.

दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १९४४ साली त्याच दिवशी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचा स्फोट झाला. तो विझवताना जे जवान गेले, त्यांच्या आठवणीसाठी हा सप्ताह. १४ तारखेला आमच्या पेठेत आंबेडकर जयंतीची मिरवणूक असते, म्हणून आम्ही त्यानंतरच्या रविवारी इमारत रिकामी करायचा सराव करायचं ठरवलंय. तुमच्याही इमारतीत खाली दुकान आणि वर घर असेल, तर आज एवढंच करा. दार उघडून जिन्यात जा आणि वरपासून खालपर्यंत एकदा डोळे मिटून, भिंतीला हात लावून उतरून बघा. पाय कुठं अडखळतो ते कळेल.

परवा मी भाजी घेऊन आले तेव्हा जिन्याच्या पहिल्या वळणावर पुन्हा दोन गठ्ठे होते. मी काही बोलले नाही. नुसती उभी राहिले. भाऊंनी वर पाहिलं, जीभ चावली आणि पोऱ्याला हाक मारली, ‘‘उचल रे, वहिनी आल्या!’’