रोज सकाळी एफ१ दाबताय? मग हा लेख तुमच्यासाठीच आहे



व्हिडिओत वेळेअभावी जे थोडक्यात सांगितलं, ते इथे सविस्तर लिहितोय. वाचताना वही-पेन जवळ ठेवा, कारण शेवटी एक छोटं काम देणार आहे.

समजा, तुमचं वडगाव मावळात तहसील कचेरीजवळ छोटं दुकान आहे. झेरॉक्स, प्रिंट, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, दाखले. कॉम्प्युटर सेकंडहँड घेतलेला, दहा-बारा वर्षांचा. जुलै महिना, बाहेर मावळातला पाऊस, शाळा-कॉलेजच्या ॲडमिशनचे दिवस. सकाळी शटर उघडता, बटण दाबता आणि काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी येतं: ‘सीमॉस चेकसम एरर’, ‘डेट अँड टाइम नॉट सेट’, खाली ‘प्रेस एफ१ टू कंटिन्यू’.

तुम्ही एफ१ दाबता, विंडोज सुरू होते, काम चालू. विषय संपला?

नाही संपला. थोड्या वेळाने सातबाऱ्याची वेबसाइट उघडत नाही. ब्राउझर म्हणतो, कनेक्शन सुरक्षित नाही. तुम्ही नेटवाल्याला फोन लावता, पण गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर नेट व्यवस्थित चालतंय. समोर चार जण उभे, त्यातल्या एका काकांना लोकल पकडून तळेगावला जायचंय. ते बाजूच्या दुकानात जातात. पंधरा रुपयांच्या उताऱ्याचं गिऱ्हाईक गेलं असं वाटतं, पण पुढच्या वर्षभराचं गिऱ्हाईक गेलेलं असतं.

मग कॉम्प्युटर दुरुस्तीवाला येतो. तो दोन-तीनदा रीस्टार्ट करून बघतो आणि एरर येतच नाही! “विंडोज नवीन टाकावी लागेल,” तो म्हणतो. दुसरा म्हणतो, “मदरबोर्ड गेलाय, नवीन मशीन घ्या.” आता तुम्ही कर्जाचा हप्ता मोजायला लागता.

थांबा. पैसे काढण्याआधी पोलिसांसारखा तपास करा.

पहिला प्रश्न : एरर नेमका कुठल्या टप्प्यावर येतो?

कॉम्प्युटर तीन टप्प्यांत सुरू होतो. आधी मशीन स्वतःचे भाग तपासतं. मग हार्डडिस्क शोधून विंडोज उचलतं. शेवटी विंडोज तुमचे प्रोग्रॅम चालू करते. काळ्या स्क्रीनवर, विंडोजचं चिन्ह दिसायच्या आधी एरर येत असेल, तर तो पहिल्या टप्प्यातला. त्यावर विंडोज पुन्हा टाकून काही फरक पडणार नाही. एवढं कळलं तरी विंडोज टाकायचे पैसे वाचले.

दुसरा प्रश्न : कधी येतो, आणि कधी येत नाही?

हा सगळ्यात महत्त्वाचा. आठवडाभर वहीत लिहा. बहुतेकदा असं दिसेल : सकाळी येतो, दुपारी रीस्टार्ट केल्यावर येत नाही. लाइट जाऊन आली की येतो. सुट्टीनंतर तर हमखास.

मग या सगळ्यांत सारखं काय? करंट पूर्ण बंद होता! तुम्ही रात्री दुकान बंद करताना बोर्डाचं बटणही बंद करता, चांगली सवय आहे. पण नुसतं शटडाऊन केलं आणि बोर्डाचं बटण चालू राहिलं, तर मशीनला आतून थोडा करंट मिळत राहतो. दुरुस्तीवाला चालू बोर्डावर रीस्टार्ट करत होता, म्हणून त्याला एरर दिसलाच नाही.

आता गुन्हेगार सापडला : मदरबोर्डवरचा बटणासारखा गोल सेल. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीपासून ही पद्धत आहे. करंट नसताना आतलं घड्याळ चालू ठेवणं आणि काही सेटिंग लक्षात ठेवणं हे या सेलचं काम. बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर२०३२ हा सेल असतो. २० म्हणजे वीस मिलिमीटर व्यास, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. दाब तीन व्होल्ट. काही वर्षांनी तो उतरतो.

सेल उतरला की करंट बंद होताच घड्याळ मागे जातं, कधी थेट २००९ सालात. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. तुमच्या मशीनच्या मते ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून ब्राउझर दार बंद करतो. नेटवाल्याचा काही दोष नव्हता. तारखेत फरक खूप मोठा असेल, तर विंडोज तो आपोआप दुरुस्त करेलच असं नाही.

जुन्या मशीनमध्ये आणखी एक गंमत होते. सेटिंगही पुसली जाते. मग हार्डडिस्कचा क्रम बदलून एखाद्या दिवशी ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असं येतं, तर कधी निळी स्क्रीन. तीन वेगळे आजार वाटतात, मूळ एकच.

१७७९ च्या जानेवारीत याच वडगावात इंग्रजांच्या फौजेला मराठ्यांपुढे तह करावा लागला. महादजी शिंद्यांनी त्या फौजेची रसद तोडली होती. तोफा होत्या, शिपाई होते, पण मागून येणारं धान्य बंद झालं आणि मोठी फौज अडली. तुमच्या मशीनचंही तेच. प्रोसेसर आहे, डिस्क आहे, पण रात्रीची रसद तुटली.

तिसरा प्रश्न : खात्री कशी करायची? तीही फुकट.

दोन रात्रींची परीक्षा घ्या. पहिल्या रात्री तारीख-वेळ बरोबर करून शटडाऊन करा, पण बोर्डाचं बटण आणि यूपीएस चालू ठेवा. दुसऱ्या रात्री दोन्ही बंद करा. पहिल्या सकाळी एरर नाही आणि दुसऱ्या सकाळी आला, तर सेल उतरलाय असं समजायला हरकत नाही. मल्टिमीटर असेल तर मोजून बघा, तीन व्होल्टच्या बराच खाली असेल तर सेल बदला.

सेल बदलताना हे पाळा :

१. आधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या. डिस्कला बिटलॉकर लावलं असेल, तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा.
२. एफ२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जा आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. सेटिंग पुसली गेली असेल, तर डिस्कचा मोड कुठला होता हे दुरुस्तीवाल्याला विचारावं लागेल.
३. वायर काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा. केसच्या धातूला हात लावून मगच आत हात घाला.
४. सेलची ‘+’ खूण कुठल्या बाजूला आहे ते बघा, नवीन तसाच बसवा. सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जीवावर बेततं.
५. तारीख-वेळ घाला, सेव्ह करा, पुन्हा एक रात्र करंट बंद ठेवून बघा.

लॅपटॉप असेल तर हे घरी करू नका. त्यात सेल बऱ्याचदा वायरसकट वेगळ्या जागी असतो. नवीन सेल टाकूनही एरर आला, तर सेलची खाच किंवा मदरबोर्ड तपासायला दुरुस्तीवाल्याकडे न्या. पण आता हातात वही घेऊन जाल, त्यामुळे कोणी तुम्हाला काहीही सांगू शकणार नाही.

आणि एरर विंडोज उघडल्यानंतर येत असेल, ‘अमुक डीएलएल सापडली नाही’ असा, तर वेगळी गोष्ट. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमची किंवा व्हायरसची नोंद स्टार्टअपमध्ये उरलेली असू शकते. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये बघा. तिथे नसेल तर मायक्रोसॉफ्टचं मोफत ‘ऑटोरन्स’ वापरा. एका वेळी एकच नोंद बंद करून बघा. डीएलएल फाइल कुठल्यातरी साइटवरून उतरवून टाकू नका, त्यातून नवीन दुखणं येतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सेल बदलून मशीन नवीन होत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लोकांची आधार-पॅनची कागदं हाताळत असाल, तर पुढच्या मशीनसाठी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाका. पण ती खरेदी तुम्ही ठरवून करा, घाबरून नको.

आता खरा मुद्दा. नुकसान सेलने कमी केलं, एफ१ ने जास्त केलं. मशीन रोज सकाळी सांगत होतं, आणि आपण रोज बटण दाबून पुढे जात होतो. या काळात निघालेल्या बिलांवर चुकीच्या तारखा पडल्या असतील, तर तुमच्या सीएला आजच सांगा. नंतर हिशोब जुळवणं अवघड जाईल.

धंद्यातही आपण असेच एफ१ दाबतो. उधारी वाढतेय, एफ१. स्टॉक जुळत नाही, एफ१. तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा तक्रार करतंय, एफ१.

तर आजचं काम : वहीत तीन ओळी लिहा. तुमच्या धंद्यात वारंवार येणारी एक अडचण. ती कधी येते. कधी येत नाही. उत्तर बऱ्याचदा तिसऱ्या ओळीत असतं.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत शटर वेळेवर उघडा, आणि बिलावरची तारीख एकदा बघून घ्या!