ऋतूची शिंक आणि घरचे ताट

बँकेच्या काउंटरवर नोटा मोजताना लागोपाठ दहा-बारा शिंका आल्या, की समोरचा खातेदार दोन पावले मागे सरकतो. दरवर्षी भाद्रपद-आश्विनात माझी ही अवस्था होते. 'दही सोडा', 'केळी बंद करा' असे सल्ले फुकट मिळतात. मी ते सर्व पाळले. शिंका थांबल्या नाहीत. उलट माझे पाहून धाकट्या मुलीचेही दूध, दही, केळी बंद झाले आणि तिचे वजन घटले. म्हणून हा लेखनप्रपंच. मी डॉक्टर नव्हे, कला शाखेचा पदवीधर. परंतु वाचून आणि डॉक्टरांना विचारून जे कळले ते मांडतो.

ही सर्दी जंतूंची नव्हे. मँचेस्टरचे डॉ. चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःलाच हा त्रास होता. गवताचे परागकण स्वतःवरच वापरून त्यांनी प्रयोग केले आणि दोष परागांचा आहे हे १८७३ साली ग्रंथ लिहून दाखवून दिले. आपल्याकडे यात गाजरगवताचाही वाटा आहे. १९५५-५६च्या सुमारास पुण्यात नोंदले गेलेले हे गवत आज पडीक जागा आणि रेल्वेलाईनच्या कडेने माजले आहे. त्याच्या परागांना शरीर शत्रू समजते, हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडते आणि नाक-डोळे वाहू लागतात. यात केळ्याचा काय अपराध? एखादा पदार्थ खाताच ओठ सुजत असतील किंवा अंगावर गांधी उठत असतील, तर गोष्ट वेगळी. तो पदार्थ सोडावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

मग आहाराने काय साधते? आल्याचा गरम चहा, हळदीचे दूध यांनी घशाला बरे वाटते, एवढेच. आवळा, पेरू जरूर खावेत. पेरूत संत्र्याहून अधिक क जीवनसत्त्व असते. पण त्याच्या महागड्या गोळ्यांनी शिंका थांबतात याला भक्कम पुरावा नाही. मधाचेही तसेच, आणि वर्षाच्या आतील बाळाला तर मध चाटवूच नये.

औषधाविना खरा उपयोग मला झाला तो मिठाच्या पाण्याचा. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे, त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा साधारण दीड सपाट चमचा, विरघळवून त्याने नाक धुवावे. पराग धुऊन निघतात. न उकळलेले नळाचे पाणी मात्र नाकात घालू नये. संध्याकाळी घरी येताच हातपाय-तोंड धुऊन कपडे बदलावेत, हेही आलेच.

एका विक्रेत्याने मला 'शुद्ध नैसर्गिक' पुड्या दिल्या होत्या. वेष्टनावर घटकांचे नाव नव्हते. चार दिवसांत आराम पडला, महिन्याभरात चेहरा सुजला. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. माझ्या पुडीत काय होते देव जाणे! डॉक्टरांनी दिलेला नाकातला फवारा मोजक्या मात्रेचा असतो. त्याला भिऊन आपण पुडी घेतो, हे नवलच. छातीत सूं-सूं आवाज येऊ लागला, दम लागू लागला, तर काढ्यावर रात्र काढू नये, दवाखाना गाठावा. दम्याच्या पंपाने 'सवय लागते' हा समज चुकीचा आहे.

मुलीचा दहीभात पुन्हा सुरू झाला आहे. मी फवारा श्रावण संपता संपताच सुरू करतो. शिंका येतात, पण आता दोन-तीनच.