खिशातली वास्तू

भव्य इमारत उभी राहिली की तिचं चित्र धातूवर उठवून घरोघरी पोचवायची हौस फार जुनी आहे. रोमन सम्राट टायटसने इ.स. 80 मध्ये कोलोसियम खुलं केलं आणि लगोलग त्याचं पितळी नाणं पाडलं. त्यात आत बसलेले प्रेक्षकसुद्धा ठिपक्यांनी दाखवलेत! पिरॅमिड नि ताजमहालाची आजची स्मृतिपदकं याच घराण्यातली.

नाण्यामागे सरकारची हमी असते. पदकाला धातू आणि कारागिरी एवढाच आधार. आपल्याकडे या दोहोंच्या सीमेवर बसतं ते तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्तचं हजार रुपयांचं नाणं. वजन 35 ग्रॅम, चांदी 80 टक्के. अंगावर किंमत आहे, पण ते घेऊन किराणा आणायला कोणी जात नाही.

नाशिककरांना मात्र तंजावरपर्यंत जायची गरज नाही. 1906 मध्ये जोगलटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. सगळी क्षत्रप नहपानाची. पण त्यातल्या नऊ हजारांवर त्याला हरवणाऱ्या राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. नाणी वितळवली नाहीत, शत्रूच्या चेहऱ्यावरच आपली मुद्रा उमटवली. विजयाचं याहून बोलकं स्मारक कुठल्या टांकसाळीने काढलं असेल? या ठशातल्या कमानींच्या चिन्हाला काही अभ्यासक चैत्य म्हणतात, काही डोंगर. मला डोंगर पटतो. सह्याद्रीच्या राजाने दुसरं काय कोरावं?

नाण्यांची ही गोष्ट पांडवलेण्यांच्या भिंतींवरही वाचायला मिळते. क्रमांक 10 च्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे 3,000 कार्षापणं ठेव म्हणून दिल्याची नोंद आहे. व्याजातून भिक्षूंची वस्त्रं नि इतर खर्च भागायचा. आणि क्रमांक 3 मध्ये सातकर्णीची आई गौतमी बलश्री आपल्या मुलाने नहपानाचं क्षहरात घराणं निर्मूळ केल्याचं अभिमानाने सांगते. ठेवही इथलीच, हिशेब चुकताही इथेच.

म्हणून ‘जगातली आश्चर्यं’ असा पदकांचा डबा कोणी पुढे केला, तर आधी चांदीची शुद्धता आणि टांकसाळीचं नाव विचारा. सोनेरी मुलाम्याला पुढे गिऱ्हाईक मिळत नाही. जुनं पदक हाती आलं, तर ते घासून चकचकीत करू नका. संग्राहक त्याची किंमत तिथेच कमी करतो. आणि पैसे मोजण्याआधी त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला जा. तिथे 1980 पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. खरा ठसा कसा दिसतो, ते तिथे नीट पाहून घ्या.